दुसरा रिमोट

बाबा, मी आता हेलिकॉप्टर उडवते. माणसं बसतात तसलं नव्हे, कोंबडीएवढं, रिमोटवर चालणारं. सत्तरी उलटल्यावर ही काय थेरं, असं तू म्हणशील. सून तर म्हणतेच. पण मागच्या वर्षी मला अर्धांगाचा झटका येऊन गेला. तोंड शाबूत राहिलं, ते घरच्यांचं नशीब. डावा हात तेवढा लुळा पडला. डॉक्टरनं रबरी चेंडू दिला, दाबत बसा म्हणाला. मी तो खिडकीतून भिरकावला. मग नात तिचं हेलिकॉप्टर घेऊन आली. ती माजिवड्याला ऑफिसात कामाला आहे, लग्नाचं नाव काढत नाही आणि दर रविवारी सकाळी डोंबिवलीच्या खाडीकाठच्या मैदानात हे उडवत असते. म्हणाली, "आजी, वर-खाली करायची दांडी डाव्या अंगठ्यात असते. चेंडू नको तर हे घे."

पहिला महिना तिनं मला जमीन सोडू दिली नाही. हेलिकॉप्टरच्या पायांखाली दोन काठ्या फुलीसारख्या बांधल्या, टोकांना प्लास्टिकचे चेंडू, कलंडू नये म्हणून. पंखा फिरवायचा, जरा हलकं करायचं आणि भुईवरच सरकवायचं. नंतर वीतभर उचलायचं, लगेच ठेवायचं. शेपूट कायम आपल्याकडे. त्याचं तोंड आपल्याकडे फिरलं की उजवं डावं होतं आणि माणूस गडबडतं. मी गडबडले. तीनदा आपटलं, दोनदा पाती तुटली. दर वेळी वाटलं, आता ही माझ्या हातातून रिमोट ओढणार. तिच्या जागी मी असते तर ओढला असता.

"आजी, दांडी आवळू नको. मुंगी धरल्यासारखी धर."

"मुंगी चावते गं बाय."

"चावू दे. आवळू नको."

तिच्याही हातात तसलाच एक रिमोट असतो. मला वाटायचं, ऐटीसाठी धरते. परवाच्या रविवारी हेलिकॉप्टर पहिल्यांदा डोक्याएवढं वर गेलं आणि माझ्या अंगठ्यानं तिथं टिकलं. खाली उतरवल्यावर बघितलं, तर हिच्या बोटाला लाल वळ. विचारलं तर म्हणाली, "दोन्ही रिमोट जोडलेत आजी. मी हे बटण दाबून धरलंय तोवर हेलिकॉप्टर तुझं. बोट उचललं की माझं."

"आणि आपटलं तेव्हा?"

"तेव्हाही दाबूनच होते."

"डोकं फिरलंय तुझं. पाती तुटली ना."

"पाती नवी मिळतात. तुझ्याकडून काढून घेतलं असतं तर तू परत हात लावला असतास का?"

मी तिचं बोट हातात घेऊन वळ बघत राहिले. मी भांडले नाही म्हणून ती घाबरली आणि ताप आहे का बघायला कपाळाला हात लावला.

मला तुझी होडी दिसत होती, बाबा. तुझी मशीनची होडी, आपल्या धक्क्यावरनं पलीकडच्या गावांना माणसं सोडणारी. आता तिथं पूल झालाय, खाडीकडे कुणी बघतही नाही. तेव्हा तुझा उजवा हात वर्षभर थरथरत होता. आई म्हणायची, पोराच्या हातात सुकाणू दे, आणि तू म्हणायचास, "मना खाडी सांगते कुठं वळायचं, हाताचं काय?" त्या दिवशी मी माहेरी आलेली आणि माझी सासरची माणसं पलीकडे हळदीला चाललेली. भरजरी लुगडी, डोक्यावर टोपल्या, होडी गच्च. तू मागे उभा, सुकाणूवर तो हात. भरती लागलेली. पलीकडचा धक्का जवळ येतोय. माझी नणंद जावेला कोपरानं डिवचते आणि म्हणते, "वहिनीच्या बापाचा हात बघ गं, ताक घुसळतोय जसा." दोघी पदरात हसतात.

मी उठले, तुझ्याकडे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, सोड. बुडवशील सगळ्यांना." तू माझ्याकडे बघितलंस. सोडलंस. पुढे जाऊन दोराच्या वेटोळ्यावर बसलास, तिकीट काढून आलेल्या माणसासारखा, गुडघ्यांत हात घालून. होडी मी लावली धक्क्याला. मला येत होतं, तूच शिकवलेलंस. दुसऱ्या दिवशी तू धक्क्यावर गेला नाहीस. नंतरही नाही. भावानं होडी चालवली. तू ओट्यावर बसून खाडीकडे पाठ करायचास. पुढचा आषाढ तुला दिसला नाही.

मी रडणारी बाई नाही, तुला ठाऊक आहे. आई गेली तेव्हाही भांडी घासून मग बसले. पण परवा नातीच्या बोटावरचा तो वळ बघितला आणि मैदानातच खाली बसावं लागलं. तुझ्यामागं उभं राहता आलं असतं मला. तुझ्या हाताच्या वर चार बोटं सोडून सुकाणूवर माझा हात ठेवता आला असता, कुणाला दिसलंही नसतं. तू होडी लावली असतीस आणि नणंदेकडे बघून मिशीत हसला असतास.

हे पत्र मी माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलंय, शाळा चौथीपर्यंतच झाली ना. पाठवायचं असतं तरी तुला वाचता येत नव्हतं. कुणाला तरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि पुढचं मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही. सगळ्यांना मी सांगत आले की होडी धक्क्याच्या दगडांवर चालली होती, म्हणून सुकाणू घेतलं. भावाला सांगितलं, आईला सांगितलं, पोरांना सांगितलं. बाबा, होडी सरळ चालली होती.