कोरी धुलाई

२ सप्टेंबर, सोमवार

पोहोचलो एकदाचे खामगावला. पहाटे शेगावला गाडीतून उतरलो, तर टॅक्सीवाला आधी दर्शन घ्या, मग पुढं जाऊ म्हणून हटूनच बसला. घेतलं. नव्या नोकरीला आशीर्वाद असलेला बरा.

आज पोळा, कारखान्याला सुट्टी, म्हणून मुद्दाम आजचाच दिवस धरला होता. अन्नपूर्णाबाईंच्या घरी वरच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्यात. हवेशीर आहेत, गच्ची आपलीच. बॅगा अजून दारातच होत्या आणि बाई पुरणपोळीचं ताट घेऊन हजर. म्हणाल्या, पोयाच्या दिवशी लेकरू दारात आलं अन् तसंच राह्यलं, असं आमच्याकडे होत नसते. ते लेकरू म्हणजे मयुरी, माझी अडीच वर्षांची मुलगी. खरं तर माझी मालकीणच. तिने पुरण तेवढं चाटून खाल्लं आणि पोळी मला दिली. मी कामावर गेले की दिवसभर तिला बाईच सांभाळणार आहेत.

शेखरचा दोह्याहून फोन आला. नवरा तिकडे, बायको इकडे, असं किती दिवस, नाशिक सोडून कुठे त्या आडबाजूला, वगैरे. मी म्हटलं, परदेशी कंपनी वॉशिंग मशीन बनवायला बुलढाणा जिल्ह्यात आली आणि आपला माणूस परदेशात जाऊन बसला, आडबाजूला कोण आहे ते तूच ठरव.

मयुरी झोपली. अंगावर तिची गोधडी, माझ्या आईच्या साड्यांची. वरचा पदर हिरव्या इरकलीचा, आत आई शाळेत शिकवायला जाताना नेसायची त्या सुती साड्या. आई गेली तेव्हा मयुरी पोटात होती. नातीला बघायचं तिच्या नशिबात नव्हतं. पण ही बया त्या गोधडीचं टोक नाकाशी धरल्याशिवाय झोपत नाही, तेव्हा आजीची आणि हिची ओळख आहेच म्हणायची. माझंही काही वेगळं नाही. मीही गुपचूप एकदा वास घेतेच.

४ सप्टेंबर, बुधवार

कारखाना चकाचक. एका टोकाला पत्रा आत जातो, दुसऱ्या टोकाने खोक्यात बंद मशीन बाहेर येतं. मी धुलाई-चाचणी विभागाची प्रमुख. ऐकायला मोठं वाटतं, पण काम म्हणजे कपडे धुणं. आमच्या सासूबाईंना कळलं तर म्हणतील, याच्यासाठी इंजिनिअर झालीस होय.

एक नवा प्रोग्रॅम आलाय, फक्त भारतासाठी. परदेशी तंत्रज्ञ तो बसवून परत गेले. हळद, तेल, पान, इथली काळी माती, काही म्हणता काही उरत नाही. विभागातल्या बेबीताईंनी त्याचं नाव ठेवलंय कोरी धुलाई. कपडा ठाणातून फाडल्यासारखा कोरा निघतो, म्हणतात. मी आज हळदीचा कपडा भिंगाखाली धरून पाहिला. एवढ्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

चाचणीला तयार डागांचे कपडे आहेतच, पण घरात मळलेल्या कपड्यांची सर त्यांना नाही. म्हणून कर्मचाऱ्यांनी घरचे कपडे आणायचे. नियम एकच, ज्याने आणले त्यानेच आपल्या हाताने मशीनमध्ये टाकायचे आणि नंतर शेरा द्यायचा. माझी सोयच झाली. माझे स्वतःचे कपडे पुरुषांसमोर पसरायची लाज वाटते, ते मी घरीच धुवीन. पण मयुरीचे फ्रॉक म्हणजे डागांचं प्रदर्शन. ते रोज नेणार.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपतीची सुट्टी संपली. मयुरीने मोदकाच्या सारणात लोळून घेतलं होतं, ते सगळे फ्रॉक नेले. निघाले ते दुकानातल्यासारखे. एक गोष्ट मात्र शेऱ्यात लिहिली, वास येत नाही. घामाचा तर नाहीच, साबणाचाही नाही, ओल्या कापडाचाही नाही. बेबीताई म्हणाल्या, मॅडम, तुमचं काहीतरीच, वास जावाच लागते ना.

आज गोधडीही नेली होती. तिच्यावर मयुरीने दूध सांडलं होतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मयुरीने गोधडी घेतली नाही. पांघरली की पायाने ढकलते. नाकाशी टोक धरून दिलं तर माझ्याकडे अशी पाहते, जसं काही मी तिला रद्दीचा कागद दिलाय. शेवटी माझ्या ओढणीचं टोक धरून झोपली. नवी जागा, मुलं बदलतात.

कारखान्याच्या फाटकाबाहेर एक माणूस रोज दिसतो. पन्नाशीचा, पांढरा सदरा, हातात जेवणाचा डबा. रखवालदार त्याला आत सोडत नाही. आज मी रखवालदाराला विचारलं, तर म्हणाला, त्याचं नाव पुंजाजी, पिंपळगाव राजा या गावचा, आणि बेबीताई त्याची बायको. डबा घेऊन येतो, ती घेत नाही. नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा.

२५ सप्टेंबर, बुधवार

बाबांचा फोन आला. म्हणाले, आज अविधवा नवमी, गुरुजी येऊन गेले, तू तिकडे पान वाढलंस का. मी विचारलं, कोणाचं?

मला वाटलं फोन कट झाला. मग बाबा हळूच म्हणाले, अनू, तुझ्या आईचं.

मी हो हो म्हटलं, कामाच्या गडबडीत विसरले म्हटलं. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. कारण तिथी विसरले असते तर गोष्ट वेगळी. मला आईच आठवत नाही. आई होती हे कळतं, प्रत्येकाला असते तशी मलाही असणार. पण चेहरा नाही, आवाज नाही, हात नाहीत. बाबांना फोटो पाठवायला सांगितला. आला. चष्मा लावलेली एक बाई, हिरव्या साडीत, हसतेय. चांगली वाटते स्वभावाने.

या डायरीची मागची पानं वाचली. सगळं लिहिलंय, शाळा, सुती साड्या. अक्षर माझंच. वाचून कळतं, पण आठवत नाही. मी खूप रडले, आणि रडताना सारखं वाटत होतं की हे रडणं खोटं आहे, कारण कोणासाठी रडायचं तेच ठाऊक नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज बेबीताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, मॅडम, तुम्ही शिकलेल्या हायेत, पोलिसात कसं जावं ते सांगा. एक मानूस घरात येऊन राह्यला. रात्री अंगनात झोपते, सकाळी चहा मांगते, अन् गावातले सारे म्हनतात की हा तुहा नवरा हाये. सासू पन म्हनते. सारं गाव त्याच्याकडून झालं, मी एकटी कुठं जाऊ?

बोलताना त्या सारख्या फाटकाकडे पाहत होत्या. नाटक नव्हतं.

फाटकावर जाऊन पुंजाजीशी बोलले. बावीस वर्षांचा संसार. तो म्हणाला, मारहान नाही, दारू नाही, कधी वाईट शब्द नाही. थे मले काऊन ओयखत नाही, हे तुम्हीच तिले इचारा, बाई. मग म्हणाला, कंपनीत फुकट धुऊन मिळते म्हनून माहे शेतातले कपडे घेऊन जाय. तवापासूनच.

बेबीताईंनी टाकले, त्यांनाच तो आठवत नाही. सासूला आठवतो. गावाला आठवतो. गोधडी मी टाकली. बाबांना आई आठवते, मला नाही. ज्याच्या हाताने कपडे जातात, त्याच्या मनातून कपड्यातला माणूस जातो. लिहायलाही वेडेपणा वाटतो. पण हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आणि मयुरीचे फ्रॉक. रोज. माझ्या या दोन हातांनी.

३० सप्टेंबर, सोमवार

आठवते. मयुरी मला आठवते. पहाटे तिचं तोंड न्याहाळत बसले होते, एकेक गोष्ट मनात तपासत. बहुतेक असं आहे, आई गेलेली, तिच्या आठवणीत आता नवी भर पडणार नव्हती, म्हणून ती एका धुण्यात गेली. मयुरी रोज नव्याने मळते, म्हणून रोज थोडी उरते.

तिचे कपडे आता कुठेच धुणार नाही. मळके राहू देत. धुतलेले होते ते सगळे बांधून माळ्यावर टाकले.

३ ऑक्टोबर, गुरुवार

अन्नपूर्णाबाईंनी सहज विचारलं, मयुरी नाशकातच झाली का, का माहेरी. मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दवाखाना, कळा, पहिल्यांदा हातात घेतलं ते, काही नाही. बाई म्हणाल्या, बाई गं, येवढं कोनी इसरते का.

शेखरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुला विश्रांती हवी, डॉक्टरला दाखव. त्याला मयुरी जन्मली कुठे ते विचारलं. त्याने सांगितलं, तारीख, वार, पाऊस पडत होता तेसुद्धा. मी लिहून घेतलं. दुसऱ्याच्या मुलीची माहिती लिहून घेतात तसं.

७ ऑक्टोबर, सोमवार

उमाळे साहेबांकडे गेले. कारखान्याचे प्रमुख. प्रोग्रॅम थांबवा म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, एखादा डाग राहिला का? नाही. कापड फाटलं? नाही. मग मी परदेशात काय लिहून पाठवू, म्हणाले, की मशीन जास्त चांगलं धुतं? दिवाळीचा माल तयार आहे.

मी उठले तेव्हा त्यांनी टेबलावरची चौकट माझ्याकडे फिरवली. क्रिकेटचे कपडे घातलेला कॉलेजातला मुलगा. साहेब म्हणाले, हा फोटो तुमच्या विभागातल्या कोणी इथे ठेवलाय का बघा जरा. घरी पण दोन-चार आहेत.

कोरी धुलाईच्या उद्घाटनाच्या दिवशी पहिले कपडे, क्रिकेटचेच, साहेबांनी स्वतःच्या हाताने टाकले होते म्हणे. मी त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार?

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. लायनीवर पूजा झाली, मशीनना हळदकुंकू, झेंडूची माळ. फाटकातून ट्रक निघाले, अकोला, जालना, नागपूर. प्रत्येक घरात कोणीतरी एकजण कपडे टाकणार. बहुधा बाईच. नवऱ्याचे, लेकरांचे, सासूचे. मी फाटकावर उभी राहून ट्रकवाल्यांना थांबा म्हणत होते. त्यांनी मला सोनं दिलं, आपट्याची पानं, आणि पुढे गेले.

फ्रॉक धुणं बंद केलं तरी विसरणं थांबत नाही. मयुरीला काय आवडतं ते आता आठवत नाही. सकाळी तिला उपमा दिला. रडली. म्हणजे उपमा नाही.

१५ ऑक्टोबर

कामावर जात नाही. तिला सोडत नाही. सगळं लिहितेय. उजव्या गुडघ्यावर खरचटलंय. पाण्याला मम म्हणते. झोपेत दात खाते. पण सकाळी उठून वाचते तर — कालचं असं वाटतं की अन्नपूर्णाबाईंनी सांगितलंय.

आजचं आज उरतं. तेवढंच.

१७ ऑक्टोबर

तिच्या मळक्या फ्रॉकमध्ये तोंड खुपसलं. वास येतो. चांगला येतो. लहान मुलाचा. कुठल्याही लहान मुलाचा —

बेबीताई आज भेटल्या. पुंजाजीला गावाने समजावून पाठवून दिलं म्हणे, सुलतानपूरला भावाकडे. त्यांना बरं वाटत होतं. सुटली मी, म्हणाल्या. मलाही असंच बरं वाटेल का एक दिवस? याचीच जास्त भीती वाटते.

१९ ऑक्टोबर

सकाळी उठले तर शेजारी एक मुलगी झोपलेली. ओरडले. अन्नपूर्णाबाई धावत वर आल्या. मुलगी माझ्या ओरडण्याने घाबरून माझ्याच गळ्यात —

बाईंनी डायरी हातात दिली. वाचली. बरं. मयुरी. माझी.

बाईंना म्हटलं, मी विसरले तरी तिला माझ्याजवळच ठेवा. मी काही बोलले तरी. त्या पदराने डोळे पुसत हो म्हणाल्या. मग म्हणाल्या, पण आज तू तिच्याकडे पाह्यत होतीस ना, तसं उद्या पाह्यलंस तर लेकरू राहीन का तुयाजवळ?

२० ऑक्टोबर, रविवार

दुपार. वाचून झालंय. हिचं नाव मयुरी, ही माझी मुलगी, हिला झोपवायचं आहे. मांडीवर घेतलंय. जड आहे. पाय हलवतेय. मी थोपटतेय, बरोबर थोपटतेय का कोण जाणे, तिने माझा हात उचलून पाठीवरून डोक्यावर ठेवला.

ती गाणं म्हणतेय. बोबडं. चिमणीचं काहीतरी. एक ओळ म्हणते आणि थांबते. पुन्हा तीच म्हणते. पुन्हा थांबते.

दुसरी ओळ माझी असणार.

पानं चाळली. गाण्याबद्दल कुठेच लिहिलेलं नाही. रोजचं होतं म्हणून लिहिलं नसेल. तिसऱ्यांदा म्हणाली. आता हसत नाहीये. माझ्या तोंडाकडे बघतेय, ओठांकडे, आणि मी काहीतरी म्हणायला हवं, काहीही, चिमणी —