सळया कापायच्या की ठेवायच्या

हेन्शिर लूझ,
८ मार्च १९९८

प्रिय नौफलदादा,

सलाम. तू, वहिनी आणि पिल्लं मजेत असाल. आम्ही इथं ठीक. आईचे गुडघे दुखतात, पण ते दुखणं आता घरचंच झालंय. एखाद्या दिवशी दुखले नाहीत तर तिला चुकल्याचुकल्यासारखं होतं. बदाम फुलून गेले, नारंगीला कळ्या धरल्यात, आणि आईनं माळ्यावरचं तांब्याचं भांडं काढून घासायला घेतलंय. यंदाही फुलांचा अर्क काढून तुझ्यासाठी बाटल्या बाजूला ठेवायच्या आहेत. मागच्या वर्षीच्या अजून कपाटात तशाच आहेत, पण ते मी बोलले नाही.

पत्र कचेरीतून लिहितेय. फोनवर बोलायची काही सोय नाही. त्या फोनच्या दुकानात मी तुझ्याशी बोलायला लागले की मागच्या रांगेतले लोकच मध्ये तुला निरोप देतात, आणि आई शेजारी रिसिव्हरला कान लावून उभी.

तर बातमी ही, की मला २०२० साल मिळालंय. हसू नकोस. आमच्या रेल्वेच्या नियोजन खात्यात सगळ्यांना काही ना काही वाटून देतात. कुणाला तिकिटं, कुणाला फलाट. मला दिलंय ते असं, की बावीस वर्षांनंतर आपल्या रेल्वेफाट्यावरच्या स्टेशनांत सकाळी किती माणसं गाडीची वाट बघत असतील. त्या आकड्यावर ठरणार की ट्यूनिसहून येणारा आपला एकेरी रूळ दुहेरी करायचा, की आहे तसा ठेवून जास्तीच्या लोकांना बसमध्ये कोंबायचं. दुहेरी झाला तर दर पाव तासाला गाडी. नाहीतर आत्ता चाललंय तेच: समोरची गाडी निघून जाईपर्यंत ऑलिव्हच्या बागेत ताटकळायचं आणि कामावर उशिरा पोचून बोलणी खायची.

हा आकडा काढायचा कसा? आमचे मुख्य लारूसीसाहेब जुने माणूस. त्यांचा नियम साधा आहे. गच्चीवर सळया उभ्या दिसल्या की तिथं उद्या मजला चढणार, मजला चढला की मुलाचं लग्न, लग्न झालं की दोन माणसं सकाळच्या गाडीला. "बाकी काही विचारू नका, गच्चीकडे बघा," म्हणतात. आणि खोटं कशाला बोलू, आजवर त्यांचा अंदाज चुकलेला नाही. यंदा मात्र नुसतं बघून भागणार नव्हतं, वरून विचारणा झाली. म्हणून कॉलेजच्या मुली घरोघर पाठवल्या. वर कोण राहणार, कधी येणार, एवढंच विचारायचं. आता घरात सापडणार कोण? आया.

आपल्याकडे मुलगी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते.

"वर कोण राहणार, मावशी?"

"माझा नौफल. दुसरं कोण?"

"कुठं असतो तो?"

"फ्रान्सला, मार्सेयला. तात्पुरता."

तात्पुरता! दादा, तू गेलास तेव्हा त्या मुलीचे दुधाचे दात पडत असतील.

"मग येणार कधी?"

"या उन्हाळ्यात नाही तर पुढच्या. देवाची मर्जी. पडद्याचं कापडसुद्धा घेऊन ठेवलंय, दाखवू?"

आणि दाखवलं. त्या बिचारीनं कापडाला हात लावून छान म्हटलं.

सगळ्या फाट्यावर हेच. एकाही आईनं 'नाही यायचा' म्हटलं नाही. म्हणेल कशी? आईच्या तोंडून असा शब्द निघाला तर तो बोटीत बसून मुलापर्यंत जातो आणि खरा होतो, असं मानतात आपल्याकडे. त्यामुळे आमच्या हिशेबानं २०२० साली मार्सेय, लिओं सगळं ओस पडणार आणि पोरं आपापल्या गच्चीवर येऊन बसणार. लारूसीसाहेब खूश आहेत. "सलवा, बेरीज तपासून ठेव, ईदच्या आधी नगरपालिकेत लोकांना नकाशा दाखवायचाय," म्हणाले. बेरीज बरोबर आहे. जे बेरजेला घेतलंय ते बरोबर आहे का, तेच कळत नाही.

तू पाठवलेला फोटो मिळाला. मुलं मोठी झाली. वहिनीच्या मागं स्वयंपाकघराच्या निळ्या टाइल्स दिसतात, कोऱ्या करकरीत. भाड्याच्या घरात कुणी टाइल्स लावत नाही, दादा. आईला फोटो दाखवताना मी अंगठा बरोबर त्या टाइल्सवर ठेवला होता.

म्हणून सरळ विचारते. तुला मोजू की नको?

काल फार पाऊस झाला, तर कचेरीतल्या मोंजीनं त्याच्या मोटारीनं घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडलं. बाकी विशेष नाही.

तुझ्या मजल्याखाली राहणारी,
सलवा

---

हेन्शिर लूझ,
२९ मार्च १९९८

प्रिय दादा,

सलाम. पत्र मिळालं. 'आईला बरं वाटेल ते लिही' असं लिहिलंयस. अरे, हा काय आजाऱ्याला भेटायला जायचा कार्यक्रम आहे? रूळ आहेत ते. त्यांना खडी लागते, लोखंड लागतं. बरं वाटण्यावर गाडी धावत नाही.

टाइल्सबद्दल अक्षर नाही. ठीक आहे.

मी काय केलं सांगते. आयांना बाजूला ठेवून बहिणींना विचारलं. हमामात अंघोळीला गेल्यावर, शिवणाच्या कारखान्याच्या दारात, गाडीत. बहिणींना सगळं ठाऊक असतं आणि त्यांचा शब्द काही बोटीत बसून जात नाही. कुणाच्या भावानं तिथलीच केली, कुणाच्या मुलांना आपली भाषा येत नाही, कुणी दुकान घातलं. ती नावं गाळून पुन्हा बेरीज केली तर काय, एक रूळ पुरून उरतो.

आता मी कुठला आकडा देऊ? पहिला दिला तर ज्यांचा पत्ता नाही त्यांच्यासाठी रिकाम्या गाड्या धावतील. दुसरा दिला तर ज्या बहिणी रोज इथं धक्के खातात त्या अजून बावीस वर्षं खातील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मोंजी म्हणतो, "पोरं येत नाहीत म्हणून गाडी नाही, की गाडी नाही म्हणून पोरं येत नाहीत, हे तुमच्या खात्यानं एकदा ठरवून टाकावं." तो सिग्नलवाला, त्याला लाल नाही तर हिरवा एवढंच कळतं. मला दोन्ही एकदम लागलेले दिसतात.

तू विचारण्याआधी सांगते, हो, मोंजीचं नाव दुसऱ्यांदा आलं.

बायको जाऊन त्याला चार वर्षं झाली. मूल नाही. ट्यूनिसमध्ये बहिणीच्या घरात एका खोलीत राहतो, पाच भाचरांच्या गोंगाटात. माणूस बरा आहे, तिखट फार खातो, हरिसाच्या चटणीची वाटी संपवल्याशिवाय उठत नाही. त्यानं मला विचारलंय. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. राहायचं कुठं, एवढंच म्हणाले. तर हा मनुष्य म्हणतो, "तुमच्या गच्चीवर अख्खं घर उभं आहे, फक्त भिंती नाहीत."

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. राग त्याचा नव्हता. तो जे बोलला ते मी आधीच मनात बोलले होते, त्याचा होता.

बाबांनी स्लॅब टाकला तेव्हा त्या सळया तुझ्या म्हणून वर ठेवल्या. मुलाच्या सळया. मुलगी काय, सासरी जाणार. ती गेली नाही तर काय करायचं हे कुणी ठरवलंच नाही. मी छत्तिशीची झाले. आईला डॉक्टरकडे मी नेते, टाकी मी साफ करते, दर शरद ऋतूत ती सळयांना तेल चोळते तेव्हा शिडी मी धरते. प्रत्येक टोकावर प्लास्टिकची बाटली उपडी घालते ती, पाणी जाऊ नये म्हणून. मी कुठं गेले तर आईचं काय, हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण तू येणार आहेस.

बघ, लिहायचं नव्हतं ते लिहून बसले. आता परवा सभेत आकडा कमी करताना माझा हात कोण धरून चालवेल, तेच मला कळेनासं झालंय. मी फाट्याचं नियोजन करतेय की भावाच्या गच्चीवर डोळा ठेवून आहे? तू खरोखर आलास तर मी आनंदानं नाचेन, दादा. आणि नंतर खाली येऊन रडेन. दोन्ही खरं आहे.

मेंढा आणलाय. गच्चीवर बांधलाय, रात्रंदिवस बें बें करतो.

गोंधळलेली,
सलवा

---

हेन्शिर लूझ,
६ एप्रिल १९९८

प्रिय दादा,

उद्या ईद. तुम्हां सगळ्यांना ईद मुबारक. हे पत्र पोचेपर्यंत मेंढा संपलेला असेल आणि शेजारच्या फतूमामावशीनं तुला फोन करून आमच्या घराची अब्रू कशी गेली ते सांगितलेलं असेल. त्याआधी माझ्याकडून ऐक.

सभा झाली. नगरपालिकेचं सभागृह भरलेलं, ईद जवळ म्हणून निम्मे लोक मेंढ्यांच्या भावाबद्दलच बोलत होते. लारूसीसाहेबांनी भिंतीवर नकाशा लावला. दोन लाल रेघा, आपल्या स्टेशनपर्यंत. मी बाजूला दोन्ही आकडे घेऊन बसले होते, आणि कुठला द्यायचा ते खरंच ठरलं नव्हतं. मोंजी मागं सिग्नलवाल्यांत. आई पहिल्या ओळीत, पांढरी सफसारी नीट अंगाभोवती घेऊन, फतूमामावशीच्या शेजारी.

मंत्रालयातून एक तरुण साहेब आले होते. त्यांनी विचारलं, "एवढी मुलं परत येणार हे कशावरून?"

लारूसीसाहेब म्हणाले, "त्यांच्या आया इथंच बसल्यात. विचारा."

साहेबांनी विचारलं. "ज्यांचा मुलगा येणार नाही असं कुणी आहे का इथं?"

मग आई उठली. गुडघ्यावर हात टेकून उठायला तिला वेळ लागला, आणि मला वाटलं ती पाणी प्यायला उठतेय.

"माझा नाही यायचा," ती म्हणाली. "त्यानं तिकडं टाइल्स लावल्यात. निळ्या. खोडा त्याचं नाव."

माझा अंगठा, दादा! महिनाभर मी स्वतःला शहाणी समजत होते.

फतूमामावशीनं तिचा पदर ओढला. "अगं बये, थुंक! थुंकून टाक तो शब्द! काय बोलतेस पोराबद्दल?"

"सोड गं. आणि साहेब, लिहून घ्या. वरचा मजला रिकामा नाही राहायचा. माझी मुलगी राहणार तिथं. रोज गाडीनं जाते ती, वीस वर्षांनीही जाईल. तुमच्या पोरींनी तिच्याबद्दल विचारलंच नाही."

"मुलीचं लग्न झालंय का?" साहेबांनी आपलं माहितीसाठी विचारलं.

"होईल. तो माणूस संध्याकाळी कोपऱ्यावर मोटार थांबवतो. मला काय डोळे नाहीत? दारापर्यंत आणायला त्याच्या चाकांना काटे टोचतात वाटतं!"

सगळं सभागृह हसलं. सिग्नलवाल्यांनी मोंजीला अक्षरशः ढकलून उभं केलं. मी कुठं बघत होते मला आठवत नाही, बहुधा नकाशाकडे.

पण हसणं लगेच विरलं. मागच्या ओळीतून एक बाई रडत म्हणाली, "माझाही खोडा." मग आणखी एक. मग भांडणं. फतूमामावशी आईला म्हणाली, "तुझ्या अभद्र तोंडानं आमची गाडी घालवलीस!" आणि निघून गेली. लारूसीसाहेब घाम पुसत बसले. मंत्रालयाच्या साहेबांनी माझ्याकडे हात केला, तेव्हा मी दुसरा, बहिणींचा आकडा दिला. त्याला आता कुणाची हरकत उरली नव्हती.

आई तसं का बोलली, मला अजून समजलेलं नाही. माझ्यासाठी? तुझ्यावर रागावून? की इतकी वर्षं तो शब्द तोंडात धरून तिचाच जबडा दुखायला लागला होता? विचारलं तर म्हणते, "डाळ भिजत घातलीस का?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले तर आईसाहेब तेलाची वाटी घेऊन सळया चोळतायत! शरद नाही, काही नाही. शेजारी तय्यब गवंडी उभा. तिनंच बोलावलेला. भिंती कुठं घ्यायच्या, जिना कुठून, सगळं त्याला सांगून झालं होतं. सगळं झाल्यावर तय्यबनं विचारलं, "वरचा स्लॅब टाकला की त्याच्यावरच्या सळया कापू ना? आता आहे कोण?"

"कापशील तर हात तोडीन," आई म्हणाली. "हातभर वर ठेव. आणि बाटल्या घालायला विसरू नको."

"आई, काल तर म्हणालीस, खोडा."

"ते सरकारला सांगितलं. गच्चीला नाही सांगितलं."

मला हसावं की तिला मिठी मारावी कळेना. मी मिठी मारली. तेलाचे हात माझ्या झग्याला पुसले तिनं.

तिथून तशीच कचेरीत गेले आणि लारूसीसाहेबांसमोर बसले. म्हटलं, रूळ एकच ठेवू. पण जमीन दोन रुळांची घेऊन ठेवू, पूल दोन रुळांचे बांधू, फलाटाला दुसरी कड सोडू. आणि बागेत जिथं गाड्या ताटकळतात तिथं बगलेचा रूळ लांबवू, म्हणजे दोन्ही गाड्या न थांबता एकमेकींना ओलांडतील. आज ज्या जातात त्यांची सोय आज. पुढच्यांची जागा ठेवलेली.

"ज्या रुळावर गाडी नाही त्याच्यासाठी पूल रुंद?" साहेब म्हणाले. "वर काय सांगू?"

"सांगा, सळया ठेवल्यात."

ते उठून खिडकीशी गेले. समोरच्या गच्च्यांवर मेंढे बांधलेले होते. मग म्हणाले, "ईदनंतर बघू." आमच्या खात्यात याचा अर्थ होही होतो आणि नाहीही. हे शहाणपण आहे, की एका आईचा हट्ट मी सगळ्या फाट्यावर पसरवतेय, ते मला माहीत नाही. तुला कळलं तर कळव.

फतूमामावशी अजून बोलत नाही. पण अर्काचं तांब्याचं भांडं मात्र मागून नेलं, एका पोराकरवी. मोंजीनं काल मोटार दारापर्यंत आणली. त्याला आईनं हरिसाची वाटी पुढं सरकवली आणि स्वतः समोर बसून तो किती खातो ते बघत राहिली.

मला आनंद झालाय, दादा. आणि तुझं काहीतरी उचलून घेतल्यासारखंही वाटतंय. तू रागावला असशील तर रागाव, पण आईवर नको. ये असं मी म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही. तुझा मजला मी घेतला, तो तुला एक मजला वर मिळेल. एवढंच कर: फोनच्या दुकानात तिला बोलाव आणि टाइल्सचं तू स्वतः सांग. सगळी रांग ऐकेल, ऐकू दे. तिनं सगळ्यांसमोर सांगितलंय.

तुझ्या सळयांखाली राहणारी,
सलवा