ओठांतल्या टाचण्या

ताई,

हसू नकोस, पण आज मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. तोंडाभोवती सुरकुत्यांचं नुसतं जाळं झालंय. त्यांनी विचारलं, "सिगारेट ओढता का?" म्हटलं, "छे हो, शिवणकाम करते. तीस वर्षं ओठांत टाचण्या धरतेय."

मग त्यांनी सगळं समजावलं. फिलर भरता येतं, लेझर करता येतं, इंजेक्शनही आहे. "पण इंजेक्शननंतर काही आठवडे ओठ जरा सैल राहतील. टाचण्या धरता येणार नाहीत." एवढं ऐकलं आणि माझं लक्षच उडालं. पर्स उघडली, मिटली, पुन्हा उघडली. विचार करून सांगते म्हणाले आणि तडक निघाले.

टाचण्या अशा धरायला तूच शिकवलंस. त्या दिवशीही माझ्या ओठांत होत्या. नवरीच्या मखमली गाऊनचा एक भाग कापडाची लव उलट्या दिशेला येईल असा कापला गेला होता, तेवढाच काळपट दिसत होता. दुकानाच्या मालकीणबाई तुझ्यावर उखडल्या. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घालून टाचण्या लावत राहिले. तू पिशवी उचललीस आणि गेलीस. नंतर सगळ्यांना मी हेच सांगत आले, की तोंडात टाचण्या होत्या, बोलणार कशी?

ताई, कापड मी कापलं होतं.

मघापासून तीनदा फोन उचलला आणि ठेवला. आत्ताही ओठांत एक टाचणी आहे. ती काढली तर बोलावं लागेल, म्हणून लिहीत बसलेय.

तुझी,
धाकटी