अर्ध्या ऐनचा रुपया

उमरगा
१२ डिसेंबर २०२४

प्रिय हिंमत,

शरणु शरणार्थी, म्हणजे तुमचा रामराम. अणदूरला सगळे खुशाल असतील. इथं आम्ही दोघं मजेत आहोत. शांतम्माचा गुडघा थंडीत दुखतो, पण रोज फिरून येते. यंदा तूर कशी आहे? तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. बरंच झालं. फोनवर मला हे धड सांगता आलं नसतं.

आधी आनंदाची बातमी. मला अर्ध्या ऐनचा रुपया सापडला.

मागच्या गुरुवारी महालिंगप्पा सराफांचा निरोप आला. कुणीतरी जुनी चांदी मोडीत दिली होती, त्यात निजामाचे एकोणीस हाली रुपये निघाले. आटवायच्या आधी ते मला दाखवतात, हे तुला माहीत आहेच. शांतम्माही बरोबर आली. मी महालिंगप्पांना पुन्हा एकदा समजावून सांगितलं, की रुपयावरच्या चारमिनारच्या दारात उस्मान अलींच्या नावाचं पहिलं अक्षर असतं, ऐन. बहुतेक रुपयांवर ते पूर्ण, शेपटीसकट. अगदी सुरुवातीच्या थोड्या रुपयांचा ठसा निराळा, त्यात अक्षर अर्धंच. त्यांनी मान हलवली आणि चहा मागवला.

पंधरा रुपये बघून मी भिंग खाली ठेवलं. तोवर शांतम्मानं एक रुपया माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, ह्याच्या दारातलं अक्षर आखूड दिसतंय. हिंमत, मी कप बाजूला ठेवून भिंग लावलं; अक्षर खरंच अर्धं होतं. तीस वर्षं आपण दोघांनी सोलापूरपासून बिदरपर्यंत बाजार पालथे घातले, आणि तो मिळाला घरापासून पाच मिनिटांवर, तोही तिला, बिनभिंगाचा.

आता तू म्हणशील, "सापडला म्हणजे काय? तुझ्याकडं एक आहेच की, मीच दिलेला."

इथवर लिहून दोन दिवस झाले. पुढचं लिहायला बसलो की मी उठून कुंड्यांना पाणी घालतो.

सहा वर्षांपूर्वी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तू हैदराबादला जाऊन तो रुपया आणलास आणि माझ्या उशाशी ठेवलास. त्याच्यासाठी काय दिलंस ते तू बोलला नाहीस. ठसा दोनदा बसलेला, आठ मिनार दिसणारा तुझा दुर्मिळ रुपया त्याच्या बदल्यात गेला, हे मला नंतर दुसऱ्याच एकाकडून कळलं. घरी आल्यावर मी भिंग लावलं. दाराच्या आत बारीक ओरखडे होते. ऐनची शेपटी कुणीतरी खरवडून काढली होती आणि तिथली चांदी जराशी खोल गेली होती. साधा रुपया होता तो.

तुला सांगायला पाहिजे होतं. पण तू दर भेटीला तो मागून बघायचास, आल्यागेल्याला दाखवायचास, आणि मी मान डोलवायचो. दोन वर्षांपूर्वी सोलापूरला नाण्यांच्या प्रदर्शनात मात्र जाणकार लोक येणार होते. तुझ्यादेखत कुणी त्याला खोटा म्हणावं, हे मला नको होतं. म्हणून मी तो माझ्या नाण्यांच्या काचेच्या पेटीत मांडलाच नाही. तू विचारलंस, तेव्हा जागा नव्हती म्हणालो. "माझ्याच रुपयाला जागा न्हाय व्हय?" एवढंच बोलून तू, मुद्दाम तो दाखवायला आणलेल्या जावईबापूंना घेऊन निघून गेलास. तुला वाटलं, मोठ्या लोकांपुढं मला तुझी लाज वाटली. मी वाटू दिलं.

तुमच्या गावचा देव पालखीनं नळदुर्गाला जायच्या दिवशी मी अणदूरला आलो होतो. देवळापाशी तू भंडारा उधळताना दिसलास. पंधरा-वीस पावलांवर होतास. मी तसाच मागं फिरलो आणि मिळेल ती गाडी धरली.

सराफांकडून परत येताना शांतम्मा म्हणाली, "आता खरा मिळालाय. आता तरी त्यांना खरं सांगा."

ते सांगितलं. खोटा रुपया तू जाणूनबुजून दिला नाहीस, हिंमत. खोटं मी बोललो.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
शिवलिंग


अणदूर
२० डिसेंबर २०२४

शिवलिंग,

रामराम. पत्र पोचलं. लिहायची सवय मोडली, म्हणून उशीर.

पयला दिवस लई राग आला. म्या शेतात जाऊन बसलो. तो हैदराबादचा माणूस डोळ्यांपुढं आला, काय गोड बोलत हुता. मग ध्यानात आलं, त्यानं मला फसवून सहा वर्षं झाली, आन् दोन वर्षं म्या राग धरला तो तुझ्यावर. उमरग्याला तीनदा आलो, तुझ्या गल्लीच्या तोंडावरनं परत गेलो.

देवाच्या दिवशी म्या तुला बघितलं हुतं. तू मागं फिरलास तेबी बघितलं. हाक मारता आली असती, मारली न्हाय. हे मला बी सांगायचं हुतं.

वहिनींना म्हणावं, नजर असावी तर अशी.

आता माझं एक ऐक. फेब्रुवारीत सोलापूरला परत प्रदर्शन हाय म्हणतेत. खरा रुपया मांड, आन् त्याच्या शेजारी माझा बी मांड. खाली चिठ्ठी लाव : शेपटी खरवडलेला ठसा, अणदूरच्या हिंमतरावांनी खरा समजून घेतलेला. नाव गाळू नको. बघून चार माणसं फसायची वाचतील. लोक हसले तर हसू देत, म्या तिथंच पेटीजवळ उभा राहणार हाय.

तूर बरी हाय. रविवारी सकाळी येतो. ती चांदी कशी खोल जाते ते भिंगातनं मला नीट दाखीव. चार वर्षं म्या नुसता मिरवला, बघितला कधीच न्हाय.

राग सोडून बसलेला,
तुझा हिंमत