काट्यावर कोण बसलं होतं?

लाडक्या मावशीस (मोठ्या मावशीलाही मी असंच लिहिते, पण तिथे ते मनापासून नसतं),

तुझ्या भाचीचा साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हटलं खरं, पण आठांतलं एक अंग, म्हणजे उजवा पाय, सध्या उशीवर ठेवलेला आहे, तेव्हा सात अंगांचाच गोड मानून घे. तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला गेला का, की बोलायचं नसलं की अजूनही येतो? इकडे सगळे बरे आहेत. आई म्हणते, काम पडल्याशिवाय मी तुला पत्र लिहीत नाही. तू असल्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस.

माझं संशोधन कुठवर आलं, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. (घरात असं विचारणारी तू एकटीच. बाकीचे ‘संपणार कधी’ असं विचारतात.) त्याचीच हकीकत सांगायची आहे, आणि ती लांब आहे. माझा विषय म्हणजे तीच कादंबरी, जी तू मला दहावीच्या सुट्टीत वाचायला दिलीस आणि मी जेवणाच्या ताटावर रडून घेतलं होतं. पाऊस रुसतो, गावं ओस पडतात, माणसं भांडीकुंडी गाडीत घालून परक्यांच्या फळबागांत तोडणीला जातात, हे सगळं इतरांनीही लिहिलं आहे. पण तो काट्याचा प्रसंग दुसऱ्या कुणाला लिहिता आला नाही. मुकादमाचा काटा टोपल्या कमी तोलतो हे मजुरांच्या सगळ्या तळाला ठाऊक असतं, बोलायची मात्र कुणाची छाती होत नाही. मग बारा वर्षांची ती पोर टोपली उतरवून स्वतःच पारड्यात जाऊन बसते आणि म्हणते, “आता मला तोला. काल लस टोचताना दवाखान्याच्या बाईंनी तोललंय. एका रात्रीत मी किती झडले, ते सगळ्यांना कळू दे.” मावशी, हे वाक्य मी शंभरदा वाचलं असेल, तरी आजही ते आलं की मी चष्मा पुसायला घेते. बरं, शिव्या नाहीत, घोषणा नाहीत. पोर नुसती बसते. त्या लेखकापुढे हात जोडावेत की पेन मोडून ठेवावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर कादंबरीच्या पहिल्या पानावर अर्पणपत्रिका आहे: ‘काट्यावर बसलेल्या त्या मुलीस.’ म्हणजे मुलगी खरी होती. हे मी आमच्या मार्गदर्शकांना सांगितलं. सगळं विद्यापीठ त्यांना पुरावासर म्हणतं, कारण सुप्रभात म्हटलं तरी ते आधी खिडकीतून बाहेर बघून खात्री करतात. ते म्हणाले, मुलगी कोण होती ते शोध, नाहीतर ते प्रकरण प्रबंधातून काढ. आता ते प्रकरण काढलं तर प्रबंधात प्रस्तावना आणि आभार एवढंच उरतं. म्हणून मी वर्तमानपत्रात निवेदन दिलं, की त्या वाईट वर्षांत बागांमध्ये राबलेल्या कुणाला काही आठवत असेल तर कळवावं. बरेच दिवस कुणी विचारलं नाही. (एकाने जुना फ्रिज विकायचा आहे का, असं विचारलं. माझ्याकडे नवाही नाही.) मग एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला, की तुम्ही शोधताय ती आमच्याकडे आहे.

मी धावतपळत गेले. आश्रम म्हणजे पूर्वीची शाळा आहे. खोल्यांच्या दारांवर अजून इयत्ता लिहिलेल्या आहेत. सातवीत मला एक आजी भेटल्या. जन्मभर शिलाई मशीन चालवलेल्या, अजूनही बोलताना पाय हलतो. या शिलाईआजी. त्यांनी सगळं सांगितलं. पारडं नासपतीच्या रसाने चिकट झालं होतं, उठताना फ्रॉक मागून टरकन फाटला, आणि मुकादमापेक्षा त्या फ्रॉकचीच जास्त भीती वाटली. मावशी, हे पुस्तकात नाही! मी आनंदाने त्यांच्या पाया पडले, पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. बाहेर पडले तर व्हरांड्यात दुसऱ्या आजींनी माझं कोपर धरलं. या निवृत्त नर्स, पकड अशी की इंजेक्शन दिल्याशिवाय सोडणार नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, तिचं ऐकून घेतलंत, बरं केलंत, बिचारीला तसं वाटतं, आम्ही कुणी मोडता घालत नाही. पण ती मुलगी मी आहे. मुकादम माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या बुटांकडे बघत होता. हेही पुस्तकात नाही. मी डोकं धरून फाटकापाशी आले, तर तिथे लोकरीची टोपी घातलेल्या तिसऱ्या आजी झाडांना पाणी घालत उभ्या. त्यांनी नळ बंद केला आणि म्हणाल्या, “त्या दोघींनी सांगितलं असेल ना? मनाच्या चांगल्या आहेत हो, पण बसले होते मी.”

पुढच्या वेळी गेले, तेव्हा आश्रमात शोककळा. इतकी वर्षं तिघी एकाच टेबलावर जेवत होत्या, दुपारी पत्ते कुटत होत्या. प्रत्येकीला बाकी दोघींचा दावा ठाऊक होता आणि जी ती मोठ्या मनाने तो पोटात घालत होती. मी वही उघडली मात्र, आणि मोठी मनं मिटली. एक खिडकीशी जेवते, एक खोलीत ताट मागवते, तिसरी जेवतच नाही म्हणते. (टोपीआजी. त्या बिस्किटांवर होत्या, असं नंतर उघडकीला आलं.) व्यवस्थापक बाईंनी मला आत बोलावलं. आवाज चढवला नाही, नुसतं एवढंच म्हणाल्या, की तुमचा प्रबंध झाला की तुम्ही जाल, यांना इथेच राहायचं आहे. मावशी, मला इतकं अपराधी वाटलं की मी ते प्रकरण काढून टाकते असं तिथल्या तिथे सांगून टाकलं. पण बाई म्हणाल्या, आता काढून काय उपयोग, बाटलीतलं भूत बाहेर आलंय. लावून द्या निकाल एकदाचा.

निकाल कसा लावायचा हे विचारायला मी पुरावासरांकडे गेले आणि तिथेच माझे ग्रह फिरले. ते म्हणाले, वस्तू समोर ठेव, हात-पाय आपोआप खरं बोलतात. त्या काळातला काटा मिळव आणि कोण कशी बसते ते बघ. (प्रबंधासाठी मी आजवर पुष्कळ सोसलं, पण लोखंडी काटा घेऊन बसमधून जाणं हा कळस होता.) भंगारवाल्याकडे एक काटा मिळाला: वर आकडा, मधे साखळ्या, खाली पाळण्याएवढं पारडं. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट सामानाचं की माणसाचं? तोवर एका बाईंनी त्यात भाजीची पिशवी ठेवून बघितली, मग एका गृहस्थांनी ट्रंक ठेवली. माझा थांबा आला तेव्हा एक बाळ त्यात झोपलं होतं आणि त्याची आई उठवू देईना. बाळासाठी मी थांबा चुकवला आणि काटा खांद्यावर घेऊन परत चालत आले.

जेवणघरातल्या तुळईला काटा टांगला. तिघी तीन कोपऱ्यांत, तोंडं तीन दिशांना. मी म्हटलं, कुणी बसून दाखवता का? कुणी हलेना. तेव्हा मीच म्हटलं, बघा, अशी बसली असेल का ती? आणि पारड्यात बसले. आता मावशी, ती पोर बारा वर्षांची होती, तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. माझ्या पोटात न्याहारी होती. साखळी अशी कडाडली की शेवटच्या इयत्तेपर्यंत ऐकू गेलं असेल. मी खाली, पारडं माझ्यावर आणि आकडा पारड्यावर.

डोळे उघडले तर तिन्ही आजी माझ्यावर ओणवलेल्या. नर्सआजींनी पाय धरून हाड मोडलेलं नाही असं जाहीर केलं (मी ओरडत असतानाच केलं, हे विशेष). शिलाईआजींनी पडद्याची झालर उसवून पट्टी काढली. टोपीआजींना काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्या मानेखाली दिली. आणि माझ्यावरून भांडत भांडत त्या तिघी इतक्या दिवसांनी एकमेकींशी बोलायला लागल्या. पट्टी घट्ट की सैल, चहा गोड की कमी गोड. मग सगळ्या दमून तिथेच जमिनीवर बसल्या. टोपीआजी तुटलेल्या साखळीकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, “मी पुस्तकामुळे बसले.”

कुणाला काही कळेना. त्यांनीच हळूहळू सांगितलं. पुस्तक निघालं त्याच्या पुढच्या हंगामात त्यांच्या तळावर एक मास्तर संध्याकाळी ते वाचून दाखवायचे. रोज थोडं थोडं. काट्याचा प्रसंग वाचला त्या संध्याकाळी कुणी उठलंच नाही, मास्तरांनी तो पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपीआजी टोपली ठेवून पारड्यात बसल्या. पुस्तकातल्या मुलीचंच वाक्य म्हणाल्या. मुकादमाने ते पुस्तक वाचलं नव्हतं, त्यामुळे त्याला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. त्या दिवसापासून त्या तळावर काटा सरळ झाला.

त्यावर नर्सआजी म्हणाल्या, की आपण बसलो ते ऐकून. पलीकडच्या खोऱ्यात कुणी पोर बसली म्हणून ट्रकवाल्याने सांगितलं होतं, तेव्हा पुस्तकबिस्तक काही नव्हतं. मग सगळ्यांनी शिलाईआजींकडे पाहिलं. त्यांचा पाय थांबला होता. त्या म्हणाल्या, “माझ्याआधी कोण बसलं होतं, ते मला माहीत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला राग आला होता, म्हणून बसले.”

म्हणजे मावशी, तिघीही खऱ्या! आणि कुठल्या कुठल्या तळांवर आणखी किती पोरी बसल्या असतील, देव जाणे. लेखकाने त्यांतली कुठली पाहिली, ते आता कळायचा मार्ग नाही. मला तर वाटतं, त्याने एकीला लिहिलं आणि त्या लिहिण्यातून आणखी कितीतरी उठल्या. आजवर मी त्या माणसाच्या भाषेचं कौतुक करत होते, आता त्याचं काय करावं तेच कळेना. हे सगळं मी पुरावासरांना लिहून दिलं. ते टोपीआजींच्या पानाशी बराच वेळ थांबले, त्यांनी खिशातून रुमाल काढला, सर्दी झाल्याचं सांगितलं (पुरावा दिला नाही), आणि समासात लिहिलं, ‘पुरेसा.’ प्रकरणाचं नाव आता ‘काट्यावर बसलेल्या मुली’ असं आहे. आश्रमात पत्ते पुन्हा सुरू झाले आहेत. टोपीआजी पूर्वीसारख्याच लबाडी करतात.

काकांना नमस्कार सांग. कंबरेला शेक घेत जा.

तुझी,
भाची

ता. क. पाय आता टेकतो, पण प्रवास करायचा नाही असं नर्सआजींनी बजावलं आहे.

ता. क. २. एक बारीकसं काम होतं. शिलाईआजी ज्या बागेत बसल्या, ती तुझ्या गावाला लागूनच आहे, तुझ्या गच्चीवरून दिसते. मरायच्या आत ती एकदा डोळ्यांनी बघायची असं तिघींनी ठरवलं आहे. तुझ्याकडे चार-आठ दिवस सोय होईल का? तिघींचं खाणं मोजकंच आहे. घाई नाही. विचार करून सावकाश कळव.

ता. क. ३. सावकाश राहू दे. त्या आत्ताच बसमध्ये बसायला निघाल्या आहेत, ऐकत नाहीत. टपालाला वेळ नसल्यामुळे हे पत्र मी टोपीआजींच्याच हाती देत आहे. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा तिघी तुझ्या दारात पिशव्या धरून उभ्या असणार, आणि पत्र हे असं लांबलेलं. मावशी, आधी त्यांना आत घे आणि बसायला दे.