गोरिलापुढं टाकलेला लाडू

अण्णा, तुम्ही जाऊन लई वर्षं झाली, पण आज मला तुमच्याशी भांडायचंय. दादा युगांडात साखर कारखान्यात आहे, त्यानं मला तिकडं गोरिला बघायला नेलं. जगात आता थोडेच उरलेत, म्हणून तिथं नियम कडक. खोकला असेल तर जंगलात पाऊल टाकू देत नाहीत. तोंडाला मास्क, लांबनं बघायचं, खायचं काही जवळ ठेवायचं नाही. वाट दाखवणारी बाई सकाळीच कळवळून सांगत होती, आपली साधी सर्दी त्यांना झाली तर मरतात हो ते. दादानं मान डोलावली. त्याच्याइतकी तर कुणीच डोलावली नसेल!

चिखलातनं, वेली धरत, गुडघ्यांच्या नावानं रडत वर चढलो. समोर पाला ओरबाडत बसलेली एक मादी, पाठीवर पिल्लू. मला रडूच आलं. तेवढ्यात तुमचा लेक मास्क हनुवटीवर ओढतो, "ये, ये, ये" करतो आणि खिशातनं शेंगदाण्याचा लाडू काढून पुढं टाकतो! का? तर शनिवार होता! पिल्लू खाली उतरलं, लाडवाकडं आलं, हात पुढं केला. ती बाई मधे धावली, लाडू उचलला आणि आम्हा सगळ्यांना तिथनंच माघारी फिरवलं. बाकीची माणसं कुठनं कुठनं आलेली, आमच्याकडं बघायलाही तयार नव्हती. शरमेनं मेले मी. आणि हा उतरताना म्हणतो कसा, "एका लाडवानं काय होतंय गं? अण्णा पण द्यायचेच की दर शनवारी."

द्यायचातच ना! नळदुर्गच्या किल्ल्यापाशी फुटाण्याची पिशवी घेऊन उभे राहायचात. "मारुतीचं रूप हाय, उपाशी ठिवू न्हाय." त्या फुटाण्यांची चटक लागून वानरं हायवेवर उतरायला लागली, ढाब्यांपुढं बसायला लागली. एक मादी ट्रकखाली गेली. पिल्लू तिला सोडेना. तुम्ही तिच्यावर हळद-कुंकू वाहिलंत, नारळ फोडलात, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसलेत. आणि पुढच्या शनिवारी परत पिशवी! मी शाळकरी पोर, तरी म्हणाले, "अण्णा, आपल्यामुळंच मेली ती." तर चारचौघांत तुम्ही म्हणालात, "लई शहानी झालीस व्हय गं? देवाच्या कामात तोंड घालू न्हाय."

माझं बरोबर होतं, अण्णा. तेव्हाही आणि आत्ताही. तुमची माया खोटी होती असं नाही म्हणत मी. पण त्या मायेनं समाधान कुणाचं झालं? तुमचंच. त्या वानरांना काय मिळालं? दादाला मी सगळ्यांसमोर झाडलं, अजून त्याचा फोन घेत नाही. तो म्हणतो, विसर आता. कसं विसरू? लाडवाला याचे हात लागलेले, मास्क काढून वर हाका मारलेल्या. ते पिल्लू आज खोकत असेल का, हेच डोक्यात फिरतंय. विचारायचं तरी कुणाला?

हे कुणाला वाचायला द्यायचं नाही, दादाला तर नाहीच, म्हणून सांगते. पिल्लानं हात पुढं केला आणि ती बाई अजून धावायची होती, तेव्हा मी ओरडले नाही. "घे रे बाळा," असं मनात म्हणाले, अण्णा.