नणंदेस तिचा भाऊ परत

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा सोफे-खुर्च्या भरून देण्याचा, गल्लीत सोफेवाली म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. माझे डोके शाबूत आहे असा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. हृदय शाबूत नाही असेही त्यांनीच सांगितले आहे, त्याचा दाखला जोडायची गरज नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. त्यातून उठले तर हा कागद मी स्वतः फाडीन, किंवा यापेक्षा कडक लिहीन.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. बरीच वर्षे माझ्यामागे ठेवण्यासारखे फक्त कर्ज होते.

दोन्ही साक्षीदारांनी सगळी पाने माझ्यासमोर मोठ्याने वाचली आहेत. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. तुम्हाला सही करताना पाहिलं की झालं." मी म्हटले, "इतरांकडे होत असेल. माझ्या घरात वाचूनच सही होईल." याचे कारण दुसऱ्या कलमात आहे.

कलम १. माझी मालमत्ता अशी: दोन खोल्यांचे घर, जे माझ्या वडिलांनी लग्नाआधी माझ्या नावावर केले. बँकेतील शिल्लक, जी कर्ज फिटल्यानंतर साठली. कामाची हत्यारे. घरातले सामान. यावर माझ्याशिवाय कोणाचाही हक्क नाही. माझा नवरा, ज्याचा उल्लेख यापुढे 'मासेवाला' असा केला जाईल, त्याचा तर अजिबात नाही.

कलम २. हे घर एकदा जाता जाता राहिले, ते कसे, हे लिहून ठेवणे भाग आहे.

मासेवाल्याला शोभेचे मासे विकायचे होते. काचेच्या टाक्या, रंगीत दगड, पाण्यात बुडबुडे सोडणारी यंत्रे, सगळे कर्जाने आणायचे ठरले. एका संध्याकाळी तो कागद घेऊन आला. मी ओट्यापाशी होते, हात ओले होते. म्हणाला, "साक्षीदार म्हणून सही लागते गं, घरातल्याच कुणाची तरी. तू कर, बाहेरच्याचे उपकार कशाला?" खाली पेन्सिलीने फुली केली होती. वरच्या मजकुरावर त्याने तळवा ठेवला होता. मी विचारले, हात का? तर म्हणाला, "शाई ओली आहे, पुसेल."

तो कागद छापील होता. छापलेली शाई ओली नसते हे मला दुसऱ्या दिवशी सुचले. तळव्याखालचा शब्द साक्षीदार नव्हता, जामीनदार होता, आणि तारण म्हणून माझे घर लिहिले होते. पुढे एकदा दिवसभर वीज गेली, बुडबुडे थांबले आणि मासे उलटे तरंगू लागले. तिसऱ्या दिवशी मासेवाला कर्जातली उरलेली रक्कम घेऊन निघून गेला. लेक तेव्हा सहा वर्षांची होती.

ते कर्ज मी अकरा वर्षे फेडले. वर वाण्याची उधारी, एका आरामखुर्चीचे हप्ते आणि नणंदेचे हातउसने. त्या वर्षांचे कौतुक करून घ्यायची मला हौस नाही. लेक शाळेतून सरळ दुकानात यायची, कामाच्या टेबलाखाली बसून खिळे निवडायची, रेक्झिनच्या गुंडाळीवर वही ठेवून अभ्यास करायची. ताप आला की अर्धवट भरलेल्या सोफ्यात झोपायची. शाळेच्या सहलीला नाही म्हटले. नव्या दप्तराला नाही म्हटले. चित्रकलेच्या क्लासला तर दोनदा नाही म्हटले, कारण तिने दोनदा विचारले. परवा ती म्हणाली, "आई, तू मला आठवतेस ती नाही म्हणतानाच." हे खरे आहे आणि त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

कलम ३. मी जिथे सोफे भरते त्या दुकानाच्या मालकास त्याचीच हातोडी परत द्यावी. ती कामावरच्या पहिल्या दिवशी त्याने मला वापरायला दिली आणि पुढे पगारातून तिचे भाडे कापले. शेजारच्या टेबलावरच्या गड्याला माझ्या दुप्पट मिळायचे. विचारल्यावर मालक म्हणायचा, "बाई, तुमच्या हाताला जोर कमी." त्याच्या स्वतःच्या खुर्चीचा भराव मात्र त्याने माझ्याकडूनच करून घेतला. तिच्यातली डावीकडची स्प्रिंग मी मुद्दाम तिरकी बसवली आहे. इतकी वर्षे तो कंबरेला मलम चोळतोय. हातोडी देताना त्याला हे सांगावे, आधी नाही.

कलम ४. बाकीची हत्यारे, म्हणजे वाकड्या सुया, दाभण, पट्टा ताणायचा चिमटा आणि कात्र्या, दुकानात कामाला येईल त्या पुढच्या बाईला द्यावीत. मात्र तिने आधी पगार ठरवून घेतलेला असावा. ठरवला नसेल तर देऊ नयेत.

कलम ५. माझ्या नणंदेस मी तिचा भाऊ देते.

मासेवाला परत आला तो आधी तिच्याकडे गेला होता. हे मला तिच्याच शेजारणीने सांगितले. हातात एक पिशवी, छातीत खोकला. नणंद त्याला दारातच म्हणाली, "इथे कुठे रे जागा? वहिनीकडे जा. तिचं सगळं फिटलंय आता." बहिणीने भावाला वाट दाखवली ती अशी. मी दुकानात होते. दार लेकीने उघडले आणि त्याला आत घेतले. मी आले तेव्हा तो पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसला होता आणि म्हणाला, "दमलीस ना? बस, चहा टाकतो." माझ्याच घरात मला बस म्हणाला.

हीच नणंद कर्जाच्या दिवसांत दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, "वहिनी, घाई नाही हं, हातउसनेच आहेत. फक्त लक्षात असू दे." माझे शिलाई मशीन ती 'तोपर्यंत' म्हणून उचलून घेऊन गेली. सगळे पैसे फिटल्यावर मशीन परत आले, त्यातली बॉबिन केस आली नाही. विचारले तर म्हणे, "तुझ्याकडेच बघ, असेल कुठेतरी." आता मीही तिची वस्तू परत करते आहे, आणि सगळ्या भागांसकट. औषधे, काठी, खोकला, चष्मा. माझ्यामागे तीस दिवसांच्या आत त्याला तिच्या दारात नेऊन पोचवावे आणि हे कलम तिच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचावे.

सोबत आरामखुर्चीही द्यावी. तिचा सांगाडा मासेवाल्याने हप्त्यावर आणला होता, म्हणून तो त्याचा. हप्ते मी भरले, ते असो. फोम, काथ्या, पट्टे आणि रेक्झिन माझे आहे. ते देण्याआधी उसवून घ्यावे. त्याने लाकडावर बसावे.

कलम ६. माझ्या लेकीस मी हे घर देत नाही.

हे वाचून तिने रडायचे असेल तर रडावे, पण पुढचे वाक्यही वाचावे. गेल्या महिन्यात एका कर्ज देणाऱ्या संस्थेचे पाकीट तिच्या नावाने आले. मी विचारले, हे काय? म्हणाली, "बाबांचं आहे. पाण्याचे फिल्टर विकायचेत त्यांना. मी फक्त साक्षीदार म्हणून सही केलीय."

"कागद वाचलास?"

"आई, औपचारिकता असते ती."

"वाचलास का?"

"बाबा होते ना समोर."

"सही करताना त्यांनी वर हात ठेवला होता?"

तिने पाकीट उचलले. मग म्हणाली, "शाई..."

दवाखान्यात आलेल्या माणसाचा फॉर्म भरून घेणे हे तिचे रोजचे काम आहे. दुसऱ्याच्या कागदावरचे शुद्धलेखन ती सुधारते. आणि हा तिचा बाप पुढच्या खोलीतून ओरडतो, "अगं, उगाच पोरीला का बोलतेस? धंदा आहे, चालेल! मी काय कुणाला लुटलंय का?"

रात्रीच्या जेवणानंतर लेक माझ्याजवळ आली. "आई, तुझ्याकडे आहेत. एकदा भरून टाक. मी तुला महिन्याच्या महिन्याला देईन."

"त्याला घराबाहेर काढ, मग बोलू."

"आजारी माणसाला कुठे काढू? ते मला कधी नाही म्हणत नाहीत. तुला माहितीये, ते कसं वाटतं?"

मला माहीत नाही. पण तो नाही का म्हणत नाही, ते माहीत आहे. द्यायचे असते ते नेहमी दुसऱ्याने.

म्हणून मी एक पैसा भरलेला नाही आणि भरणार नाही. वकीलबाईंच्या सांगण्यानुसार घर आज लेकीच्या नावावर आले तर उद्या संस्था त्यावर हात टाकेल. सबब घर पुढील कलमातल्या व्यवस्थापकाच्या ताब्यात राहील. लेकीला तिथे राहण्याचा हक्क आहे, तिच्या एकटीला. तिने कर्ज स्वतःच्या पगारातून फेडावे. काही बाकी नाही असे संस्थेचे पत्र ती आणील त्या दिवशी घर आणि माझी सगळी शिल्लक तिची. तोवर तिने घराच्या भिंतीला खिळा ठोकायचा असला तरी व्यवस्थापकाला विचारावे.

कलम ७. व्यवस्थापक म्हणून मी त्या माणसाला नेमते, जो अकरा वर्षे माझ्याकडे हप्ता न्यायला येत असे. माझ्या दारी दर महिन्याला न चुकता येणारा पुरुष तेवढा एकच. तो कधी ओरडला नाही आणि कधी विरघळलाही नाही. लेक तापाने फणफणलेली असताना मी एकदा म्हटले, आज नाही जमत. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मी तुमचा दुष्मन नाही. पण तुम्ही नाही म्हणालात की तेच मला वर साहेबांना म्हणावं लागतं, आणि मला ते जमत नाही." मी वाण्यासाठी ठेवलेले पैसे त्याला दिले. तेव्हा मी त्याला मनात खूप शिव्या दिल्या. आज लेकीचे रडणे ऐकून न पाघळणारा माणूस शोधायला बसले, तर दुसरे कोणी आठवेना.

आता तो निवृत्त झाला आहे. मी बोलावले तर आला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ताई, मला यात काय?" मी म्हटले, पुढच्या खोलीतला लाल सोफा. तो त्याला द्यावा. त्यातल्या सगळ्या स्प्रिंगा सरळ आहेत.

पुरवणी. हे पान वेगळे आहे. ते पाकिटात बंद करून व्यवस्थापकाजवळ ठेवावे आणि लेकीला किंवा मासेवाल्याला वाचून दाखवू नये. नणंदेने मासेवाल्याला घेतले तर पाकीट जाळून टाकावे.

पण ती घेणार नाही, आणि लेक त्याला माघारी आणील. मी माझ्या लेकीला ओळखते. तसे झाले तर कलम सहामधील शिल्लकेबद्दलचे म्हणणे रद्द समजावे. शिल्लक सगळीच्या सगळी मासेवाल्याला द्यावी. चेकने नाही, रोख. एका पिशवीत, दिवसाउजेडी, पुढच्या खोलीत, लेक समोर असताना. देताना त्याला एवढेच सांगावे की हे तुझे आहे, याला अट नाही. दार उघडे ठेवावे. त्याला जा म्हणू नये, थांब म्हणू नये.

व्यवस्थापकाने हे ऐकून विचारले, "ताई, आणि थांबला तर?"

"तर घर दोघांच्या नावावर करा. मी खोटी पडले असं समजा."

"एवढे पैसे जातील हो तुमचे."

"त्यातून तिला समजेल. यापेक्षा स्वस्तात समजत नाहीये."

त्याने पुरवणीचे पान पुन्हा वाचले. मग म्हणाला, "पोरीला फार लागेल."

लागू दे. त्या वेळी कोणी तिचा हात धरू नये, तिला आत ये म्हणू नये, पाणी देऊ नये. तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तिने उभे राहून बघावे. मागच्या वेळी तो पिशवी घेऊन निघाला तेव्हा ती माझ्याशेजारी दारातच उभी होती. मी तिचे डोळे झाकले, आत नेले आणि सांगितले की बाबा कामाला गेलेत. ती अजून तेच धरून बसली आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्याच म्हणण्याप्रमाणे आहे, आणि पुरवणीसह प्रत्येक पानावर मी सही केली आहे.

(सही)
सोफेवाली

साक्षीदार:
१. (सही) डॉक्टरीणबाई. पूर्ण वाचून सही केली.
२. (सही) वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. पूर्ण वाचून सही केली. पुरवणीस माझी संमती नाही, तसे मी बाईंना बोललो. त्या म्हणाल्या, साक्षीदाराची संमती लागत नाही.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली, दार लावून.
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार.